अ‍ॅम्प, आत्या आणि पायगुण

मंडळी, आजची पोस्ट जरा तांत्रिक आहे. कंटाळा आला तर मधले दोन-तीन परिच्छेद गाळून पुढे गेलात तरी चालेल. आमच्या नातेवाईक मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावी, ही आग्रहाची विनंती. का ते कळेलच.

आमच्या गाडीतला अ‍ॅम्प जायचा. अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, पण दुकानात पूर्ण नाव कोणी घेत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला गेला, मे २०२४ मध्ये दुसरा. तिसरा नोव्हेंबर २०२४ मध्ये जाता जाता राहिला, आणि त्याच्या त्या राहण्यामुळेच सगळा उलगडा झाला.

आता एवढ्याशा गाडीत अ‍ॅम्प हवाच कशाला, असं आमच्या आईसकट अनेकांनी विचारलं आहे. उत्तर असं की डॅशबोर्डमधल्या डेकमध्ये खरं तर फार दम नसतो. खोक्यावर चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट असं दणक्यात छापलेलं असलं, तरी सलग मिळतात ते १५ ते २० वॉट. कारण बॅटरी १२ व्होल्टची, आणि तेवढ्या व्होल्टमधून ४ ओहमच्या स्पीकरला यापेक्षा जास्त ढकलता येत नाही. अ‍ॅम्पच्या पोटात एक छोटा वीजपुरवठा असतो, तो या १२ व्होल्टचे अधिक-उणे २५-३० व्होल्ट करतो आणि मग ट्रान्झिस्टर ते स्पीकरला देतात. आवाज नुसता मोठा होत नाही, तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा वाजायला लागतो. मला त्या डग्ग्याची हौस. असो.

पहिला अ‍ॅम्प साडेसहा हजारांचा होता. बसवला पुण्यातल्याच एका दुकानात. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) चालकाच्या सीटखाली अ‍ॅम्प, पुढच्या दोन दारांत स्पीकर, डिकीत वूफर. तीन महिने झकास वाजला. मग एके दिवशी डाव्या दारातून 'फट्' असा आवाज आला, जळकट वास सुटला, आणि गाणी बंद. दुकानातल्या शेठनी अ‍ॅम्प उघडून काळा पडलेला ट्रान्झिस्टर दाखवला आणि म्हणाले, "साहेब, गेन फुल ठेवून आवाज वाढवता तुम्ही. पब्लिक काय ऐकत नाही."

दुसरा त्यांनी निम्म्या किमतीत दिला. तो पाच महिन्यांत गेला. तस्साच. तोच 'फट्', तीच बाजू.

शेठचं निदान चुकीचं असतं असं नाही. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, डेककडून येणारा सिग्नल किती असेल ते अ‍ॅम्पला समजावून देणारी ती चावी असते. ती गरजेपेक्षा जास्त पिळली की ध्वनीच्या लाटांचे माथे छाटले जातात, अ‍ॅम्प तापतो, स्पीकरची कॉइल भाजते. पण या कारणाने अ‍ॅम्प जायचा तर तो मोठ्या आवाजात जायला हवा. आमचा दोन्ही वेळा गेला तेव्हा आवाजाचा आकडा ३० पैकी आठवर होता, आणि अभंग चालू होते.

अभंग आणि आठवर आवाज, कारण पुढच्या सीटवर आत्या होती.

हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, माझ्याही आधी. पहिल्या वेळी आत्याला साताऱ्याहून पुण्याला आणत होतो, खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या अलीकडे अ‍ॅम्प गेला. दुसऱ्या वेळी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो, तेव्हा सिंहगड रोडवर. आमच्या मामेभावाने लगेच जाहीर केलं, "आत्या बसली, गाणी संपली!" हसले सगळे. मग प्रत्येक जेवणाच्या पंगतीला तो विनोद वाढला जाऊ लागला. नोव्हेंबरात भाऊबीजेनंतर तिला साताऱ्याला सोडायला निघालो आणि तिसऱ्या अ‍ॅम्पचा लाल दिवा लागला. ते ऐकून एका ज्येष्ठ काकूंनी, अगदी हसत हसत, 'पायगुण' हा शब्द वापरला.

तरुण वाचकांसाठी सांगतो. हा शब्द नव्या सुनेच्या बाबतीत कौतुकाने वापरतात, तसाच दुसऱ्या बाजूनेही वापरतात. आमची आत्या लग्नानंतर दीड वर्षात साताऱ्याला एकटी राहिली. आतोबा तापाचं निमित्त होऊन गेले. तेव्हा तिच्याविषयी काय काय बोललं गेलं ते मी पाहिलेलं नाही, पण आईकडून ऐकलेलं आहे, आणि त्यात हा शब्द होता. पुढे आत्याने शाळेत तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, स्वतःचं घर बांधलं, सगळ्या भाच्यांच्या फिया भरल्या. माझीही एका वर्षाची भरली आहे. एवढ्या वर्षांनी तोच शब्द एका साडेसहा हजारांच्या डब्यामुळे परत आला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये घरात साखरपुडा होता. मी आणायला येतो म्हटलं तर आत्या म्हणाली, "नको रे, मी एसटीने येते. अर्ध्या तिकिटात होतं." तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. एसटीची पायरी केवढी उंच असते ते तुम्हाला ठाऊक आहे. ती आली, दोन तास बसली, आणि परतही एसटीनेच गेली.

त्या रात्री मी ठरवलं की आता हा अ‍ॅम्प सोडायचा नाही.

खरं तर दुसरा गेल्यावर मी एक फेरी मारून झाली होती. मल्टिमीटर लावून पाहिलं, तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट, अ‍ॅम्पच्या टोकाला जोरात वाजताना १२.९. मधले १.३ व्होल्ट कुठे गेले? काही वायरीत गेले, काही अर्थिंगमध्ये. बॅटरीपासून आणलेली वायर तांब्याची दिसत होती, पण टोक खरवडलं तर आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. अशी वायर त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त रोध करते. आणि अर्थिंगचा स्क्रू सीटखालच्या रंगावरच पिळलेला. रंग वीज वाहू देत नाही, त्यामुळे सगळा प्रवाह स्क्रूच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. मी रंग घासून चकचकीत पत्रा काढला, खरी तांब्याची जाड वायर टाकली, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवला. १.३ व्होल्टची तूट ०.३ वर आली. आणि या वेळी अ‍ॅम्प चौदा हजारांचा घेतला, बऱ्यापैकी संरक्षण असलेला.

ही दुरुस्ती आवश्यकच होती. पण नोव्हेंबरात लाल दिवा लागला, म्हणजे मूळ दुखणं वेगळं होतं.

तो लाल दिवा म्हणजे या सगळ्या प्रकरणातला एकमेव प्रामाणिक साक्षीदार. स्वस्त अ‍ॅम्प मुकाट्याने मरतो. चांगल्या अ‍ॅम्पला बाहेर काही विपरीत दिसलं की तो स्वतःला बंद करून घेतो आणि दिवा लावतो. म्हणजे अ‍ॅम्प सांगत होता की माझ्यात दोष नाही, माझ्यापुढे जे जोडलंय ते बघा. पुढे जोडलेलं म्हणजे स्पीकर आणि त्यांच्या वायरी. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी तोच अ‍ॅम्प हिरवा दिवा लावून ठणठणीत वाजत होता. म्हणजे दोष येतो आणि जातो!

शॉर्टसर्किटचं गणित असं. स्पीकर ४ ओहमचा (मीटरवर तो सव्वातीन-साडेतीन दाखवतो, ते बरोबरच आहे). अ‍ॅम्पकडून येणारी वायर गाडीच्या पत्र्याला टेकली तर ४ ओहमच्या जागी जवळपास शून्य होतं. प्रवाह एकदम वाढतो, आणि स्पीकरवर पडायचा भार सगळा ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर येतो. आवाज लहान असला तरीसुद्धा. ट्रान्झिस्टर जळायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ पुरतो, फ्यूजला त्याहून जास्त लागतो. फ्यूज अ‍ॅम्प वाचवायला नसतोच मुळी, तो वायर पेटून गाडी जळू नये म्हणून असतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग मी एक वही केली. तिन्ही वेळी काय काय समान होतं? रस्ता वेगळा, ऋतू वेगळा, एसी एकदा चालू, दोनदा बंद. गाणी जवळपास तीच. आणि आत्या. वहीत आत्याचं नाव तीनदा लिहिलं गेलं तेव्हा मला जरा कसंसंच झालं, पण खरं ते खरं. ती असतानाच हे होत होतं. मामेभावाचं निरीक्षण अचूक होतं.

मग पुढचा प्रश्न. आत्या गाडीत बसते तेव्हा गाडीत काय बदलतं? आवाज कमी होतो, तो प्रश्न निकालात निघाला होता. आणखी काय? बायको म्हणाली, "सीट." तिने हे भाजी निवडता निवडता सांगितलं, मान वर न करता.

एरवी आमची पुढची डावी सीट पुढे ओढलेली असते. मागे आमचे सहा फुटी चिरंजीव बसतात, आणि पुढे बसणारी त्यांची आई पाच फूट एक इंच. आत्या मात्र बसल्या बसल्या सीट पार मागे ढकलते, शेवटच्या खाचेपर्यंत, कारण तिला गुडघा सरळ ठेवावा लागतो. ती उतरली की चिरंजीव सीट परत पुढे.

मार्च २०२५ मधल्या एका रविवारी सकाळी अ‍ॅम्पपासून स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवल्या. मीटर 'पीं' वाजणाऱ्या खुणेवर ठेवला. त्याचं एक टोक डाव्या स्पीकरच्या वायरीला, दुसरं पत्र्याला. काही नाही. सीट हळूहळू मागे सरकवली. शेवटची खाच. तरीही काही नाही. हेच दुकानातल्या मुलांनी केलं असणार, आणि वायरिंग ओके म्हणून सांगितलं असणार.

"बस रे जरा," मी चिरंजीवांना म्हटलं. ते बसले.

पीं.

उठवलं, बंद. बसवलं, पीं. तिसऱ्यांदा पण पीं. सीटचे चार बोल्ट खोलून सीट बाहेर काढली. डाव्या दाराकडे जाणारी वायर कार्पेटखालून न नेता सीटच्या रुळाशेजारून वरूनच ओढलेली होती. सीट शेवटच्या खाचेत गेली आणि वर माणूस बसलं, की खालच्या पट्टीची धारदार कड वायरीवर टेकायची. प्लास्टिक कापलं जाऊन बोटाच्या पेराएवढं तांबं उघडं पडलं होतं. त्यावर काळे डाग, ठिणग्यांचे. तेवढा तुकडा कापून काढला. नवी वायर दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून, वर नळी चढवून नेली आणि दर वीतभरावर बांधली. खर्च एकशे ऐंशी रुपये.

संध्याकाळी आत्याला फोन लावला.

"आत्या, अ‍ॅम्प का जात होता ते सापडलं. तुझ्या सीटखाली वायर चेपत होती."

"म्हणजे माझ्यामुळेच."

"सीट मागे घेतल्यामुळे. कोणीही बसलं असतं तरी हेच झालं असतं. आमच्या लेकाला बसवून बघितलं, तेव्हाही मीटर ओरडला."

थोडा वेळ काही बोलली नाही. मग गणिताच्या बाईंचा आवाज आला.

"किती वेळा बसवलंस?"

"तीन."

"तिन्ही वेळा ओरडला?"

"तिन्ही वेळा."

"उठल्यावर बंद व्हायचा?"

"प्रत्येक वेळी."

"फोटो काढलास का वायरीचा?"

"काढलाय. पाठवू तुला?"

"मला नको," आत्या म्हणाली. "ग्रुपवर टाक."

टाकला. खाली चार ओळीत कारणही लिहिलं. दोन अंगठे आले, आणि एका काकांचं सुप्रभातचं फूल आलं, ते बहुधा या फोटोसाठी नसावं. मामेभावाने मात्र आत्याला वेगळा फोन केला. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलेलं नाही. काकूंकडून काही नाही. म्हणून ही पोस्ट, इतक्या सविस्तर.

एप्रिलमध्ये लग्नाला आत्याला गाडीने आणलं. बसल्या बसल्या तिने खालचा दांडा ओढला आणि सीट मागे ढकलली, पार शेवटच्या खाचेपर्यंत. मागे चिरंजीवांचे गुडघे पोटाशी. शिरवळ आलं, गेलं. अ‍ॅम्प अजून तोच आहे.

वायरीचा तो कापलेला तुकडा मी डॅशबोर्डच्या खणात ठेवला आहे. कोणाला प्रत्यक्ष बघायचा असेल तर गणपतीत घरी घेऊन येतो.