मिनिटांचा हिशेब

“किती वेळ लागेल?” हा प्रश्न विचारणें जितकें सोपें, तितकेंच त्याचें उत्तर देणें जोखमीचें असतें. शिंपी, सोनार, गवंडी यांचे वायदे आपण हंसून सोडून देतों, कारण त्यांचा अंदाज चुकला म्हणून आपलें फारसें अडत नाहीं. परंतु ज्याचें पोटच मिनिटांच्या अंदाजावर चालतें, त्याला हें हंसणें परवडत नाहीं.

माझा पुतण्या हा असाच एक मनुष्य आहे. आम्ही राहतों गंगापूर रोडवर. त्याचा लहानसा कारखाना सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत आहे. मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तेथें दोन सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनें चालणाऱ्या कातयंत्रांवर, तयार होतात. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग येतें. तें पाहून एका नगाला किती मिनिटें लागतील हें ठरवावयाचें आणि भाव कळवावयाचा. भाव चढा झाला तर काम दुसरीकडे जातें. उतरता झाला तर नगागणिक पदरचे पैसे जातात, आणि यंत्रासाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता कांहीं थांबत नाहीं.

मूळ हिशेब अवघड नाहीं. ५० मिलिमीटर व्यासाचा व २०० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा घ्या. हत्याराच्या धारेखालून मिनिटाला १५० मीटर धातू जावा असें ठरविलें, तर दांड्याला मिनिटाला सुमारें ९५५ फेरे द्यावे लागतात. दर फेऱ्यास हत्यार ०.२ मिलिमीटर सरकलें, तर मिनिटाला १९१ मिलिमीटर. म्हणजे सबंध लांबी एकदां कातावयास सुमारें ६३ सेकंद. शाळेंतलें त्रैराशिकच तें!

मात्र हा वेग किती धरावा, याच विषयाच्या मागें अमेरिकेंतील फ्रेडरिक टेलर यानें २६ वर्षें घालविलीं. १८८० सालीं सुरू केलेल्या प्रयोगांचें सार त्यानें १९०६ सालीं मांडलें. वेग वाढविला कीं काम लवकर होतें, पण धार त्याहूनही लवकर जाते, हें त्यानें सूत्रांत बसविलें. पुढें १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत आंकड्यांच्या आज्ञेनें चालणारें यंत्र लोकांपुढें आलें. आतां तर संगणक सारें काम आधीं पडद्यावर करून दाखवितो आणि वेळही सांगतो.

मग अंदाज चुकतो कोठें? पुतण्या म्हणतो, “काका, यंत्र खोटें बोलत नाहीं, पण तें स्वतःपुरतेंच बोलतें.” कातणें, खांचा घेणें, आंटे पाडणें मिळून पडदा चार मिनिटें सांगतो. परंतु नग चकमध्यें धरणें, काढणें, पुसणें यांत ४० सेकंद जातात. मायक्रोमीटरनें माप घ्यावें लागतें, झिजलेली धार बदलावी लागते. शिवाय पहिला नग निघण्यापूर्वीं सेटिंगला दीड तास! तो ५०० नगांवर वांटला तर नगामागें ११ सेकंद पडतात. २० नगांवर वांटला तर साडेचार मिनिटें, म्हणजे कातण्याहूनही अधिक.

आमच्या घरांत याचें कोणालाच नवल वाटलें नाहीं. पुरणाची पोळी तव्यावर असते तीन-चार मिनिटें. डाळ शिजविणें, पुरण वाटणें, कणीक तिंबणें हें जेवणाराच्या हिशेबांत येतच नाहीं. आमच्या सौभाग्यवती त्याला म्हणाल्या, “अरे, पुरणयंत्र चार पाहुण्यांसाठीं काढ कीं चाळीसांसाठीं काढ, धुवावें एकदांच लागतें!”

गेल्या वर्षीं एका गिऱ्हाइकानें ५०० नगांचें काम देऊं केलें. मात्र “इतर लोक नगामागें अर्धें मिनिट कमी धरतात,” असा निरोपही आला. कातण्याचा वेळ आणखी उतरविला असता तर धार टिकली नसती. उरले ते कारागिराचे ४० सेकंद आणि मापासाठीं धरलेला वेळ. कागदावर ते खोडणें सोपें होतें. पण कागदावरून खोडलेला वेळ कारखान्यांतून नाहींसा होत नाहीं. तो कारागिराच्या जेवणाच्या सुट्टींतून तरी निघतो, नाहीं तर माप न घेतां पुढें ढकललेल्या नगांतून. पुतण्यानें आंकडा बदलला नाहीं. काम गेलें. त्या महिन्याच्या हप्त्यासाठीं घरांतील एक ठेव मोडावी लागली. व्यवहारी लोक याला भाबडेपणा म्हणतील; मला मात्र त्याचे दोन्ही जुने कारागीर अजून त्याच्याकडे टिकून आहेत, यांत त्याचा व्यवहार दिसतो.

त्याच्या टेबलावर आतां एक वही असते. पहिल्या रकान्यांत धरलेला वेळ, दुसऱ्यांत घड्याळानें मोजलेला आणि तिसऱ्यांत फरकाचें कारण. परवां मीं ती चाळली. तिसऱ्या रकान्यांत वीज गेल्याची नोंद आहे, धार तुटल्याची आहे, आणि एके ठिकाणीं लिहिलें आहे: “मुलगा नवीन. शिकत होता.” हीं जादा मिनिटें त्यानें गिऱ्हाइकाकडे लावलीं नाहींत, मुलाच्या मजुरींतूनही कापलीं नाहींत, कारखान्याच्या खर्चांत मांडलीं आहेत.