संवेग

आळंदीला शिकत असताना ‘संवेग’ हा शब्द प्रथम कानी पडला. मूळ धातू ‘विज्’, म्हणजे थरथरणे, दचकणे. वेग, आवेग, उद्वेग ही सारी त्याचीच लेकरे. जीव आधी हादरतो, मग पाय उचलतो. पाली ग्रंथांतही जरा, व्याधी, मृत्यू पाहून बसणाऱ्या हादऱ्याला हाच शब्द आहे.

योगसूत्रांच्या समाधिपादात, 21व्या सूत्रात, पतंजली सांगतात की ज्यांचा संवेग तीव्र, त्यांना समाधी जवळ. वाचस्पतिमिश्र येथे संवेग म्हणजे वैराग्य असा अर्थ करतात; भोजराज त्याला कृतीला लावणारा दृढ संस्कार म्हणतात. मला वारीत दोन्ही एकत्र दिसतात. पेरणी उरकून घरदार मागे ठेवणे हे वैराग्य. आषाढी जवळ आली की पाय आपोआप पंढरीकडे वळतात, तो संस्कार.

पण संवेग म्हणजे घाई नव्हे. दिंडी आपल्या चालीनेच चालते, ठरल्या मुक्कामी थांबते. वेळापूरजवळ धावा होतो तो पंढरीच्या ओढीने. तिथे कुणाला कुणाच्या पुढे जायचे नसते.

माझी पंचाहत्तरी उलटली. आवाज बसला, गुडघे ऐकत नाहीत. कीर्तन सुटले, पायी वारीही सुटली. दिवस थोडे उरले, या विचाराने रात्री कधी दचकून जाग येते. धातूचा पहिला अर्थ तोच, थरथरणे. ती थरथर नामाकडे वळली तर संवेग, नाहीतर नुसता उद्वेग. म्हणून जाग आली की उठून हरिपाठाला बसतो आणि एकेक अक्षर सावकाश म्हणतो.

रामकृष्णहरी!