सोनेरी अक्षरे आणि एक फलक

मोटारीचे आमचे ज्ञान सायकलीपलीकडे कधी फारसे गेले नाही. तरी इंदुरात जन्म काढून अमेरिकन मोटारीची ओढ अगदीच नसावी, हे शक्य नाही. श्रीमंत यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गची वर्णने आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. पण ज्या गाडीने आम्हांला परीक्षेस बसविले, ती राजवाड्यातली नव्हती. आमच्या एका स्नेह्यांच्या पडवीतली होती.

ही १९५७ सालची शेव्हरोले. स्नेह्यांच्या वडिलांनी ती दिल्लीच्या एका वकिलातीतील अधिकाऱ्याकडून, तो मायदेशी परतताना, विकत घेतली होती. सुकाणू डावीकडे. सारी आळी तिला 'बेल एअर' म्हणे. गेल्या वर्षी गाडी विकावयाचे ठरले, बाहेरगावचे गिऱ्हाईकही मिळाले, आणि स्नेही आमच्याकडे आले. "सर, गाडीविषयी चांगल्या भाषेत दोन पाने लिहून द्या. भाषा तुमची, माहिती या पुस्तकांत आहे." जुनी माहितीपुस्तके त्यांनी आमच्यापुढे ठेवली.

मास्तराच्या हाती पुस्तक दिले की तो ते वाचतो, हाच काय तो घोटाळा झाला.

त्या साली शेव्हरोलेच्या या मोटारींत तीन पायऱ्या होत्या : साधी 'वन-फिफ्टी', मधली 'टू-टेन' आणि वरची 'बेल एअर'. मूळ सांगाडा एकच, भेद साजशृंगाराचा. बेल एअरच्या ग्रिलची जाळी सोनेरी, खालच्या दोन्ही पायऱ्यांची रुपेरी. पुढच्या मडगार्डांवर तीन-तीन सोनेरी खुणा बेल एअरलाच. बाजूच्या क्रोमपट्ट्या मागे जाऊन पाचरीसारख्या फाकतात. टू-टेनमध्ये त्या पाचरीत नुसता रंग, बेल एअरमध्ये बारीक रेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. बॉनेटवर नावाखाली मोठा 'व्ही' असेल तर आत आठ सिलिंडरांचे इंजिन आहे असे समजावे. सहा सिलिंडरांच्या गाडीवर नुसते नाव. हा 'व्ही'सुद्धा बेल एअरवर सोनेरी आणि इतरांवर रुपेरी.

पण चिन्हे पत्र्याला भोके पाडून बसवितात, आणि भोके कोणालाही पाडता येतात. म्हणून जाणकार चिन्हाआधी फलक वाचतो. चालकाच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर क्रमांकाचा छोटा फलक असतो. 'सी' म्हणजे बेल एअर, 'बी' म्हणजे टू-टेन, 'ए' म्हणजे वन-फिफ्टी. त्याआधी 'व्ही' असेल तर इंजिन आठ सिलिंडरांचे. इंजिनामागच्या पत्र्यावर दुसरा फलक. त्यावर बॉडीचा प्रकार, आतल्या कापडाचा आणि रंगाचा क्रमांक. फलकही नेहमी पुरा पडत नाही. पॉन्टिअ‍ॅकची 'जीटीओ' १९६४ व १९६५ साली 'ल मान्स'वरची केवळ ऐच्छिक जोड होती. तिच्या क्रमांकावरून ती ओळखता येत नाही, कारखान्याचे कागदच पाहावे लागतात. १९६६ पासून तिला स्वतंत्र मालिका मिळाली.

एका रविवारी पुस्तक घेऊन आम्ही पडवीत गेलो. जाळी सोनेरी, खुणा सोनेरी, 'व्ही' सोनेरी. पाचरीतला पत्रा मात्र सपाट. त्यावर रेघा नव्हत्या. दार उघडून खांबावरची धूळ पुसली. अक्षर 'बी'. त्याआधी काही नाही. मागच्या फलकावर १०१९. बेल एअर असती तर त्यापुढे 'डी' असता. बॉनेट उचलून आतून हात फिरविला, तो 'व्ही'च्या भोकांच्या कडा बोटाला खरखरीत लागल्या.

स्नेही मागे उभे होते. "दहा वर्षांपूर्वी रंग देताना हौसेने बसविली," ते म्हणाले. "पुढे सगळेच बेल एअर म्हणू लागले, मीही म्हणू लागलो." थोड्या वेळाने म्हणाले, "सर, किमतीत फार फरक पडतो हो. नातीचे लग्न आहे."

आम्ही काही न बोलता घरी आलो. झोप लागली नाही. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एक पान सारखे डोळ्यांपुढे येत होते. एका मुलाची भरतीची वयोमर्यादा थोड्या दिवसांनी हुकत होती. जन्मसालाचा एकच आकडा बदला, म्हणून त्याचे वडील आमच्या खोलीत हात जोडून उभे राहिले होते. आम्ही नाही म्हटले. तो मुलगा आता रिक्षा चालवितो. भेटला की नमस्कार करतो, आणि तो नमस्कार घेणे आम्हांला अजून जड जाते. गरिबाच्या मुलासाठी जे अक्षर आम्ही हलविले नाही, ते मित्राच्या गाडीसाठी हलवावे काय?

दुसऱ्या दिवशी हे सारे स्नेह्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. पण दोन आठवडे आमच्या ओट्यावर आले नाहीत. आमचा निर्णय बरोबर होता, याने त्या दिवसांत आमचे समाधान झाले असे म्हणवत नाही.

मग एका संध्याकाळी ते आले. हातात कागदाची पुडी होती. सोडली तर आत सोनेरी खुणा आणि तो 'व्ही'. म्हणाले, "बाबांना जी परवडली ती त्यांनी घेतली. कोणाला कधी बेल एअर म्हणून सांगितली नाही. सांगत होतो तो मी." बॉनेटची भोके त्यांनी बुजवून घेतली होती. "आता लिहा तुमची दोन पाने."

आम्ही लिहिली. 'ही १९५७ सालची सहा सिलिंडरांची टू-टेन होय,' हे पहिले वाक्य. गिऱ्हाइकाने किंमत उतरविली, पण गाडी घेतली. किती उतरविली, ते आम्ही विचारले नाही. लग्नात पंगत एकच झाली, एवढे आमच्या लक्षात आले. पंगतीत स्नेह्यांनी आम्हांला आपल्या शेजारी बसविले.