साप चावलेल्याच्या सोबतीला

साप चावला की जवळचा माणूस पहिल्यांदा दोरी शोधतो. दावे, रुमाल, साडीचा काठ, जे हाताशी येईल ते दंशाच्या वर करकचून आवळले जाते. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र बहुतेकदा वाईट होतो. घोणशीच्या दंशात पाय आधीच सुजत असतो आणि तिथले मांस सडू लागलेले असते. त्यात रक्तप्रवाह अडला की तोच भाग कायमचा गमावण्याची वेळ येते. विष अंगात भिनायचे पूर्ण थांबत नाही ते नाहीच. ब्लेडने चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, जखमेवर बर्फ किंवा चुना लावणे हेही याच जातीचे उद्योग. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठू देत नाही. अशा अंगावर ब्लेड चालवले तर ते रक्त थांबवायचे कशाने?

महाराष्ट्रात माणूस दगावतो तो मुख्यतः चार सापांमुळे. नाग आणि मण्यार यांचे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडते. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे बोबडे होते, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घोणस आणि फुरसे यांच्या दंशात हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या खरचटलेल्या जागेतूनही रक्त येऊ लागते. घोणस मूत्रपिंडांवरही घाला घालते. मण्यारीची गोष्ट सगळ्यांत फसवी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसे नाही, सूज नाही, कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, आणि घरचे लोक आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देत बसतात. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर अपचनाआधी मण्यारीचा विचार करावा.

गावाकडे कडुलिंबाचा पाला खायला देऊन पाहतात; कडू लागला नाही तर विष चढले असे समजतात. यात वेळ जातो, आणि गिळण्याचे स्नायू दुबळे होत असतील तर तो पाला श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते. मांत्रिकाचे यशही समजून घेण्याजोगे आहे. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे साप बिनविषारी. विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. असे रुग्ण कोणीही काही केले नाही तरी बरे होतात आणि श्रेय मंत्राला मिळते. कवड्या तर मण्यारीसारखाच दिसतो, त्यामुळे मण्यारीचे विष उतरवल्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात.

सोबत्याचे खरे काम याहून साधे आणि म्हणून अवघड आहे. माणसाला सापापासून दूर नेऊन आडवे करायचे. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, काळा दोरा लगेच काढायचे, कारण सूज आल्यावर ते मांसात रुततात. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा काठी, फळी किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र लावून सैलसर बांधायचा. स्नायू हलले की विष लवकर पसरते, म्हणून रुग्णाला चालवायचे नाही. चहा, दारू, काढा काही द्यायचे नाही. आणि बोलत राहायचे. भीतीने नाडी धावते, रुग्णाला घाम फुटतो, कधी तो नुसत्या धास्तीने कोसळतो. भोवतीच्या रडारडीला आवर घालणे हाही प्रथमोपचारच.

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिला फार उशीर लागणार असेल तर मोटारसायकल चालते: रुग्ण मध्ये, मागे धरून बसणारा एक, आणि चावलेला पाय शक्य तितका न हलवता. वाटेत उलटी होऊ लागली किंवा गुंगी आली तर थांबून त्याला कुशीवर वळवावे. श्वास बंद पडला तर हनुवटी वर उचलून, नाक दाबून तोंडाने श्वास द्यावा. नागाच्या किंवा मण्यारीच्या दंशात हृदय चालू असते आणि छाती तेवढी हलत नाही. अशा वेळी दुसऱ्याच्या श्वासावर माणूस रुग्णालयापर्यंत तग धरू शकतो.

सापाला मारून पिशवीत घालून आणण्याची गरज नाही. त्या खटपटीत दुसरा माणूस चावून घेतो आणि मेलेल्या सापाचे डोकेही चावू शकते. भारतात मिळणारी सापाची लस चारही विषांवर एकत्रित काम करते. ती घोड्यांच्या रक्तातून तयार होते. मुंबईची हाफकिन संस्था या क्षेत्रातले जुने नाव. लांबून सहज मोबाइलवर फोटो मिळाला तर उत्तम, नाहीतर राहू द्यावे. डॉक्टरांना त्याहून उपयोगी पडतात त्या वेळा: किती वाजता चावला, पापणी कधी पडली, पहिली उलटी कधी झाली. पेनाने सुजेची कड त्वचेवर आखून शेजारी वेळ लिहिली तर सूज किती वेगाने चढते आहे ते त्यांना एका नजरेत कळते.

कोणी आधीच घट्ट आवळून बांधले असेल तर ती गाठ वाटेत एकदम सोडू नये; अडलेले विष एका दमात शरीरात पसरण्याचा धोका असतो. ते काम रुग्णालयात, लस आणि श्वासाची साधने तयार ठेवून व्हावे. तिथे काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त पातळच राहिले तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे असे ठरते. लसीची मात्रा मूल असो वा मोठा माणूस, सारखीच, कारण साप विष सोडताना वय पाहत नाही. पहिली चाचणी चांगली आली आणि रुग्ण हसत बोलत असला तरी त्याला २४ तास देखरेखीखाली ठेवतात, आणि त्या रात्री पापण्यांवर नजर ठेवायला खाटेशेजारी कोणीतरी जागे असावे लागते.