माणशी बलुते

माझ्या आजोळी न्हाव्याला रोख पैसे देण्याची रीत नव्हती. सुगीला तो खळ्यावर यायचा, आपले बलुते घेऊन जायचा, आणि मग वर्षभर घरातल्या सगळ्या पुरुषांच्या हनुवट्या त्याच्या ताब्यात! आजोबा म्हणत, बलुते नुकतेच पदरात पडले असले की वस्तऱ्याला धार नसते. सुगी जवळ आली की तोच वस्तरा लोण्यासारखा फिरतो. न्हाव्याची बाजू काय होती, हे कुणी विचारले नाही. घरातली दोन पोरे मोठी झाली, दाढ्या दोनने वाढल्या, तरी धान्याचे माप तेच, ही त्याची तक्रार असणारच.

पुढे लालबागेत हाच प्रकार औषधाच्या बाटलीत भेटला. वडील गिरणीत होते, म्हणून राज्य विमा योजनेचे कार्ड होते. कार्डावरचे पॅनेल डॉक्टर माणूस मोठे प्रेमळ. पण त्यांना पैसे मिळत ते यादीतल्या नावामागे, वर्षाचे ठरलेले. आपण दहा वेळा गेलो काय अन् एकदाही न गेलो काय, त्यांना सारखेच. रांग लांब, तपासणी आखूड, आणि बाटलीतले मिक्श्चर बहुधा लालच.

हे सारे पुन्हा आठवले ते थेट कॅलिफोर्नियात, धाकट्या भावाच्या घरी. बाळू तिथे चाळीस वर्षे आहे. आता पासष्टी ओलांडल्यामुळे सरकारी मेडिकेअर योजनेत, पण एका खाजगी विमा कंपनीमार्फत. त्याचा उजवा पाय बधिर होऊ लागला होता. डॉक्टरांनी पाठीचा एम. आर. आय. लिहून दिला आणि आठवड्याने पत्र आले : तूर्त आवश्यक नाही. बाळूने विमा कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. मराठीत, म्हणजे खऱ्याखुऱ्या. मी जन्मभर बँकेत खतावण्या तपासलेला माणूस. मी आधी पत्राचा मथळा वाचला. वर नाव कंपनीचे नव्हतेच. बाळूचे डॉक्टर ज्या वैद्यकीय गटात आहेत, त्या गटाचे होते.

भावजयीने एका दवाखान्यात बिलांचे काम केलेले. ती म्हणाली, “भाऊजी, कंपनीनं दर डोई, दर महिना ठरलेली रक्कम गटाला आधीच देऊन टाकलीय. आता ह्यांचा फोटो काढला, तर पैसे गटाच्या खिशातून जाणार. नाही काढला, तर गटाकडेच राहणार.”

“म्हणजे बलुतंच की!” मी म्हणालो.

या बलुत्याला तिथे ‘कॅपिटेशन’ म्हणतात, आणि ते मुळातच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. 1933 साली मोहावीच्या वाळवंटात कालवा खणणाऱ्या मजुरांसाठी सिडनी गारफील्ड नावाच्या तरुण डॉक्टरने छोटे इस्पितळ काढले. बिले वसूल होईनात, इस्पितळ बुडायला आले. तेव्हा ठरले की माणशी रोज पाच सेंट आगाऊ घ्यायचे. सांगतात की, त्यानंतर डॉक्टर कामावर फिरून पायांत घुसणारे खिळे काढून टाकू लागले! दर जखमेमागे पैसे मिळणाऱ्याला खिळ्यांशी असे वैर धरण्याचे कारण नसते. आपल्याकडे तर दर भेटीला पैसे मोजून ‘परवा पुन्हा दाखवा’ हे आपण ऐकतोच.

पण खिळे काढणे हा जसा एक मार्ग, तसा तपासणी लांबवणे हा दुसरा. इलिनॉयमधील एका बाईंच्या पोटात दुखत होते. सोनोग्राफीसाठी त्यांना आठ दिवस थांबवून, पन्नास मैलांहून दूरच्या, योजनेच्याच केंद्रात जायला सांगितले. दरम्यान आंत्रपुच्छ फुटले. योजनेचे मालक तिचेच डॉक्टर. त्या चुकीची भरपाई बाईंना मिळाली; पण काटकसरीत डॉक्टरांचा लाभ असणे हाच विश्वासघात, हे म्हणणे 2000 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मानले नाही. असा काही लाभ ठेवल्याशिवाय अशा योजना चालणारच नाहीत, असे न्यायालयाचे मत पडले.

मग लगाम कुठे घालायचा? माझ्या हिशेबी डोक्याला एक गोष्ट फार पटली. विमा चालतो तो मोठ्या संख्येवर. लाख माणसांत एकाला महागडा आजार झाला, तर कंपनीला कळतही नाही. पाच डॉक्टरांच्या गटाकडे तोच रुग्ण आला, तर गट बसलाच. कॅलिफोर्नियात 1975 च्या कायद्याने आरोग्य योजनांच्या तिजोरीवर नजर ठेवली. पण त्यांनी जोखीम ज्यांच्या गळ्यात बांधली, त्या गटांच्या तिजोरीत कुणी डोकावले नाही. 1998 साली सॅन डिएगोच्या एफपीए मेडिकल मॅनेजमेंटने दिवाळे काढले. पुढच्या वर्षी मेडपार्टनर्सच्या तिथल्या संस्थेचा ताबा सरकारला घ्यावा लागला. मग त्याच 1999 साली कायदा झाला. आता असे गट दर तिमाहीला हिशेब देतात : देण्याहून मालमत्ता अधिक आहे का, बिले वेळेत चुकतात का, आणि — हे मला सर्वांत आवडले — आजार होऊन गेला पण बिल यायचे आहे, अशा खर्चाची तरतूद केली आहे का. आमच्या शाखेत हा प्रश्न विचारणारा एकच ऑडिटर आला होता. त्याचे कुणाशी पटले नाही.

मेडिकेअरसाठी 1996 पासून आणखी एक नियम आहे. अमक्या रुग्णाचा जरुरीचा उपचार टाळा म्हणून डॉक्टरला पैसे देता येत नाहीत. आणि रुग्णाला दुसरीकडे धाडण्याच्या खर्चापायी डॉक्टरच्या मिळकतीचा पंचवीस टक्क्यांहून अधिक भाग पणाला लागत असेल, तर त्याला मोठ्या खर्चापासून संरक्षण देणारा वेगळा विमा हवा. पंचवीस हजारांवर रुग्ण असतील, तर ही अट नाही. तिथे जोखीम आपोआप पातळ होते.

त्यातच एक कलम सापडले : रुग्णाने विचारले, तर या व्यवस्थेची माहिती त्याला द्यावीच लागते. बाळू म्हणाला, “अण्णा, तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही.” ‘विचारल्यास’ या शब्दात सारी मेख आहे! आपल्या डॉक्टरला पैसे कसे मिळतात, हे शहाणासुरता माणूसही विचारत नाही. उगाच अपमान वाटेल म्हणून.

त्या रात्री आम्ही दोन पत्रे लिहिली. पहिले कंपनीकडे तातडीचे अपील. त्याचा निकाल बहात्तर तासांत द्यावा लागतो. तो बाळूच्या बाजूने लागला. फोटोत मणक्याची गादी सरकून शीर दाबलेली निघाली, आणि वेळेवर कळल्याने पाय वाचला. दुसऱ्या पत्रात तीन प्रश्न होते : डॉक्टरांना दुसरीकडे कमी रुग्ण धाडण्यात लाभ आहे का? पैसे कसे दिले जातात? मोठ्या खर्चाचा विमा आहे का? त्याचे उत्तर मी परतल्यावर आले. बाळूने फोनवर वाचून दाखवले. पहिल्याचे ‘होय’, दुसऱ्याचे ‘माणशी’, तिसऱ्याचे पुन्हा ‘होय’.