दीड महिन्यापूर्वीचं पाणी

पावसाळा सरता सरता कोथरूडमधल्या माझ्या लॅबमध्ये पिवळ्या सीरमच्या नळ्या वाढतात. सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी उजेडाकडे धरली की तळाशी लाल पेशी आणि वर गर्द हळदीचं पाणी दिसतं. कावीळ दाखवणाऱ्या बिलिरुबिनचा आकडा येण्याआधीच मन चरकतं.

मागे कावीळ झालेल्या एका कॉलेजच्या मुलाची आई लातूरहून धावत आली. "मॅडम, परवा यानं बाहेर काय खाल्लं असेल?" म्हटलं, "ताई, परवाचं सोडा. पाच-सहा आठवड्यांपूर्वी कुठलं पाणी प्यायला, ते आठवायला सांगा."

हिपॅटायटिस ईचा विषाणू असा दबकत येतो. जेमतेम ३० नॅनोमीटरचं प्रथिनांचं कवच, आत सुमारे ७,२०० अक्षरांचा आरएनएचा एकच धागा. दूषित पाण्यातून तो पोटात आणि तिथून यकृतात जातो. पेशी तो धागा आपलाच निरोप समजून वाचते आणि त्याच्या प्रती काढत सुटते. बाहेर पडताना विषाणू पेशीच्याच मेदाचं पांघरूण ओढतो. रक्तात तो पांघरुणातच फिरतो. पित्तात मात्र ते विरघळतं आणि उघड्या कवचाचा विषाणू शौचावाटे पुन्हा पाण्यात जातो.

डोळे पिवळे होईतो रक्तातला विषाणू बहुधा ओसरू लागलेला असतो. म्हणून मी शोधते त्याच्याविरुद्ध उठलेली आयजीएम प्रतिपिंडं. ती असली, तर एलायझा चाचणीच्या प्लेटवर निळा रंग चढतो, आम्ल घातलं की पिवळा होतो. मधल्या धुण्यात कसर राहिली, तर निरोगी माणसाचा नमुनाही पिवळा दिसतो. त्यामुळे धुणं मी आजही घाईत उरकत नाही.

जपलेलं सीरम किती बोलतं, हे पुण्यानंच दाखवलं. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. त्या साथीतलं राखून ठेवलेलं सीरम पुढे तपासलं गेलं. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी होत्या. हा आजार हिपॅटायटिस 'ए'ही नाही, 'बी'ही नाही, हे १९८० साली जगापुढे आलं. त्यालाच पुढे 'ई' म्हटलं गेलं.

बहुतेक रुग्ण विश्रांतीनं बरे होतात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हाच आजार शंभरातल्या वीस-पंचवीस जणींचा जीव घेऊ शकतो. म्हणून सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, ते आजच विचारा. आणि घरात कोणी गरोदर असेल, तर तिला पाणी उकळूनच द्या.