माडीवरून अग्रशाळेत

लेखणी अडली म्हणजे लेखक बहुधा स्वतःच्या बुद्धीला दोष देतो, क्वचित नशिबाला. बसण्याच्या जागेकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही. नाथमहाराजांनी एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास लिहिले आणि उरलेले सव्वीस काशीस; ग्रंथ पुरा झाला तो शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये. त्यांची लेखणी पैठणास अडली होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. काशीच्या पंडितांनी प्राकृतावर आक्षेप घेतला म्हणून त्यांना जावे लागले, असे परंपरा सांगते. परंतु आक्षेपकांच्या दारी बसून लिहिणे निराळे आणि आपल्या ओसरीवर लिहिणे निराळे, हे मला अलीकडे पटले आहे.

निमित्त झाले एका आख्यानाचे. वडिलांच्या मागे म्हार्दोळच्या उत्सवातील कीर्तनाची सेवा माझ्याकडे आली. ते आपली आख्याने स्वतः रचीत, मडगावच्या घराच्या माडीवर, खिडकीजवळच्या मेजाशी. त्यांच्या वह्या तेथेच आहेत. महालसा ही मोहिनीरूप नारायणी. म्हणून मी समुद्रमंथन घेतले. पूर्वरंग आठवड्यात झाला. उत्तररंगात धन्वंतरी कलश घेऊन वर आला आणि तेथेच उभा राहिला. मोहिनी काही येईना.

माडीवर शांतता होती, उजेड होता, पोथ्या हाताशी होत्या. पण लिहिलेली प्रत्येक साकी वडिलांच्या वळणाची निघे. त्यांच्या वहीतील मोहिनी नखशिखांत वर्णिलेली आहे, आणि ती उत्तमच आहे. मी विशेषणे फिरवीत बसे. महिना असा गेला. उत्सव पंधरा दिवसांवर आला, तेव्हा वडिलांचेच आख्यान लावावे असे घरात ठरू लागले. सोयीचे होते खरे. पण बापाची वही वाचून दाखविणे ही माझी सेवा नव्हे, असे मन सांगे.

शेवटी कोरे कागद तेवढे घेऊन मी म्हार्दोळला अग्रशाळेत जाऊन राहिलो. (महालसाही येथे वेर्ण्याहून आलेली, सोळाव्या शतकातील त्या संकटकाळी, माझ्या स्थलांतराची तिच्याशी तुलना उद्धटपणाची होईल.) निवांतपणा तेथे नाही. पहाटे चौघडा, मग अभिषेक, भाविकांची वर्दळ, मुलांची रडारड. वाक्य सुचावे तो आरतीची घंटा व्हावी. थंड हवेच्या गावी एकांतात जाऊन लिहिण्याची जी टूम आहे, तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. एकांत माडीवरही होता. येथे वेळ माझ्या स्वाधीन नव्हता, म्हणून एकच ओळ घोळीत बसण्याची चैन संपली. आणि ज्यांना ऐकवायचे ते लोक दिवसभर समोरून ये-जा करीत.

त्यांतच जायांच्या माळा गुंफणारी एक वृद्ध बाई होती. रोज विचारी, "काणी खंय पावली?" तिसऱ्या दिवशी मी तिला धन्वंतरीपासून पुढची सगळी कथा सांगितली. दोऱ्याला गाठ मारता मारता ती थांबली. "म्हळ्यार कलश तांणी आपणेंच तिका दिलो?"

भागवताच्या अष्टम स्कंधात अगदी तसेच आहे. माझ्यासारखीवर विश्वास कसा ठेवता, असे मोहिनी असुरांना उघड विचारते, आणि ते हसून अमृताचा कलश तिच्या हाती देतात. माडीवर हा भाग वाचताना लक्ष रूपाकडे जाई, कारण वहीत रूपच होते. त्या बाईला नवल वाटले ते देणाऱ्यांचे. मग मी मोहिनीचे वर्णन दोन ओळींत आटोपले आणि कलश पुढे करणारे असुरांचे हात लिहिले: ज्यांनी तो धन्वंतरीकडून हिसकावला, आपसांत त्यासाठी भांडले, तेच हात. चार दिवसांत आख्यान पुरे झाले. चाली अजूनही पुष्कळशा वडिलांच्याच आहेत. त्या बदलाव्यात असे मला वाटलेही नाही.

माडीवरच्या मेजाशी मी आता पत्रे लिहितो, जुन्या वह्यांच्या नकला करतो. पुढल्या आख्यानासाठी अग्रशाळेतील खोली आधीच सांगून ठेवली आहे. जमल्यास चौघड्याच्या बाजूची.